खुनी कोण, ते वहिनींना माहीत आहे

लासुर्ण्याच्या एका लग्नात माझ्या हातात माइक होता आणि अख्खा मांडव हसत होता, तेव्हा माझा दोस्त सदा गेल्याचा फोन आला. बारामती-इंदापुरात निवेदक म्हणून माझं बरं नाव आहे, पण पुढचं वाक्य काही सुचेना. मनात आलं ते एवढंच... गड्या, खुनी कोण ते न सांगताच गेलास?

सदा इंदापूरच्या एसटी आगारात चौकशीच्या खिडकीत बसायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली रहस्यकादंबरी लिहायला घेतली. लढाई तिकडं लांब; इकडं आपल्या तालुक्यात रॉकेल मिळेना, कापड मिळेना, तरणी माणसं फौजेत, आणि नीरेकाठच्या गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या मरून पडलेला. तपासाला रेशनिंगचा एक कारकून. कापडाच्या टंचाईत गुळाच्या साच्यात लोक घरातलं मिळेल ते फडकं अंथरायचे, आणि त्याची वीण ढेपेवर उमटायची. खुनाच्या रात्री गुऱ्हाळावर भरलेली एक ढेप सापडते, तिच्यावर ठिगळाची शिवण उमटलेली असते. ठिगळ ज्याच्या घरचं, तो खुनी.

हे ऐकलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. मी गुऱ्हाळावर वाढलो, किस्से सांगून पोट भरतो, आणि ही शिवण सुचावी कुणाला, तर चौकशीच्या खिडकीला!

दर रविवारी सकाळी तो ओसरीवर एक प्रकरण वाचायचा. आवाज असा, जणू भिगवणची गाडी फलाटावर लागल्याचं सांगतोय. तरी आळी कानात प्राण आणून ऐकायची. माझा किस्सा रंगात आला की लोकांना चहा आठवतो. याच्या वाचनात कुणी खोकत नसे. वाचन संपलं की मी खुनी ओळखायला बघायचो.

"तलाठी."

"न्हाय."

"मग पाटलाची सून."

"गाडी येळंवर सुटंल. बस गप."

शेवटचं प्रकरण डोक्यात तयार आहे, असं तो म्हणायचा. ते डोक्यातच राहिलं.

दहाव्यानंतर सगळे म्हणाले, शेवट तू लिही. मी मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू. तीन शेवट रचले आणि सदाच्या बायकोसमोर, म्हणजे वहिनींसमोर, हातवारे करत सादर केले. खरी शिवण कशी उमटते ते पाहायला सदानं एक बारकी ढेप करून घेतली होती. वहिनी तिच्यातलाच गूळ चहाला फोडत होत्या.

"तिन्ही चुकलं, भावजी."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला पयल्याच दिवशी सांगितलंय की त्यांनी."

"म्हणजे मी ओसरीवर डोकं फोडत होतो, आणि तुम्ही आत..."

"तुमी चुकला की जेवताना हसायचे. त्यासाठीच तर रविवारची वाट बघायचे."

आधी कादंबरीचा हेवा होता, आता वहिनींचा वाटायला लागला. सांगा म्हणून विनवलं.

"वळखल्याबिगर सांगू नको म्हणालेत," त्या म्हणाल्या.

म्हणून मी अजून दर रविवारी इंदापूरला जातो, एक नाव घेतो. "न्हाय, भावजी," म्हणत वहिनी ढेपेचा तुकडा पातेल्यात टाकतात. शिवणीची बाजू त्यांनी अजून फोडलेली नाही.

गेल्या रविवारी कादंबरीत नाव घ्यायचा एकच माणूस उरला होता. त्याला तसाच ठेवून मी पुन्हा तलाठ्याचं नाव घेतलं.

"त्यो मागंच झाला की," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या कपात चहा ओतला.