मोबाईलसमोरचं इन्स्पेक्शन

लेकीला मोबाईलवरून डॉक्टरांना दाखवायचं की नाही, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती. लेक पाच वर्षांची. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही, आणि स्टीलच्या डब्यांची झाकणं फरशीवर गरगर फिरवत तासन्‌तास बसते. याला स्वमग्नता म्हणतात हे संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडमनी आम्हाला सांगितलं. पण परळीहून अर्धा दिवस रेल्वेत बसून तिथं पोचलेली आमची लेक दवाखान्यात शिरली ती थेट त्यांच्या टेबलाखाली, आणि निघेपर्यंत रडतच राहिली. मॅडमना तपासायला तिचा आवाज आणि तिची एक चप्पल एवढंच मिळालं. त्यांनीच मग सुचवलं की पोरीला दर वेळी असं दमवून आणू नका, बुधवारी संध्याकाळी साडेपाचला व्हिडिओ कॉल करा, मला ती घरात कशी असते ते बघू द्या.

नवऱ्याचा विरोध होता. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे उघडून बघितल्याशिवाय कुठल्याही गोष्टीचं निदान होत नाही अशी त्याची ठाम समजूत. हात न लावता कसलं तपासणं, हा त्याचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा त्याला स्वतःलाच फार आवडला होता. पोरीला मोबाईल दाखवायचा नाही असं मॅडमनी कागदावर लिहून दिलं, आणि आता त्या स्वतःच मोबाईलमधून येणार. हे त्यानं दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. मी मात्र पूर्णपणे कॉलच्या बाजूनं होते. लेकीची दगदग वाचेल, असं मी सगळ्यांना सांगायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि रजेचा अर्ज बघून आमच्या मुख्याध्यापकांचा जो चेहरा होतो तो मला पुन्हा बघायचा नव्हता, हे सांगत नव्हते.

मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मत दिलंच नाही. त्यांनी थेट काम हातात घेतलं. मामांची सगळी नोकरी इथल्या थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात गेली. मोठे साहेब तपासणीला येणार म्हटलं की गेटला रंग द्यायचा, राख झाडायची, गळणाऱ्या पाइपासमोर कुंडी नेऊन ठेवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. डॉक्टर मॅडम म्हणजे साहेब, बुधवार म्हणजे इन्स्पेक्शन, हा हिशेब त्यांनी मनातल्या मनात कधीच करून टाकला होता.

पहिल्या बुधवारी मी शाळेतून धापा टाकत आले तर समोरच्या खोलीच्या भिंतीवर ट्रंकेतली नवी चादर ताणून बांधलेली. ज्वारीच्या पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा. शेजारणीला तासभर मिक्सर लावू नको म्हणून बजावलेलं. लेकीला तेल-वेणी, पावडर, काजळ, आणि बारशा-लग्नाला घालायचा टोचरा फ्रॉक. झाकणं कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मामांच्या खिशात. असलं काही मॅडमच्या नजरेला पडायला नको, म्हणाले. मला हसू आलं, पण मी अडवलं नाही. शाळेत साहेब येणार असले की हुशार पोरं पुढच्या रांगेत बसवणारी मीच की. मी कुणाला काय शिकवणार?

गुळाचा शोध मात्र सर्वस्वी मामांचा. लेक मोबाईलकडे बघेचना, तेव्हा ते मोबाईलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि गुळाचा खडा वर धरला. लेकीची नजर खड्यावर लागली. मॅडमना पलीकडून वाटलं, ती आपल्याकडेच बघतेय. त्या खूश झाल्या. पुढच्या बुधवारी मामा पाच मिनिटं आधीच इस्त्रीचा शर्ट घालून, खडा घेऊन जागेवर हजर. खडा जरा डावीकडे नेला की लेक डावीकडे बघायची. नवऱ्याचाही विरोध हळूहळू मावळला. तो दुकानातून लवकर येऊन दाराशी राखण करायला लागला, आणि मॅडमनी काही विचारलं की माझ्या आधीच उत्तर द्यायला लागला. जेवते का? हो, सगळं जेवते. झोपते का? हो, छान. पोरगी तीन दिवस नुसत्या दूध-पोळीवर होती, हे मी तिथंच बसून ऐकत होते.

असे सात-आठ बुधवार गेले. मग मॅडम म्हणाल्या की नजर देणं फारच सुधारलंय, वस्तू फिरवत बसणंही दिसत नाही, आता दर आठवड्याला गरज नाही. पुढच्या बुधवारी शेवटचं भेटू, मग तीन महिन्यांनी. बरीच मुलं वाट बघताहेत, ही वेळ त्यांच्यातल्या एखाद्याला देता येईल.

मामांनी पेढे आणले. कॉलनीतल्या जुन्या सोबत्यांना वाटून, नात पहिल्या नंबरात आल्यासारखे ते घरी आले. मीही दोन खाल्ले. मग कपाट उघडलं, झाकणं बाहेर आली आणि लेक पाठ करून फिरवायला बसली. मी तिला हाक मारली. पुन्हा मारली. दहा-बारा वेळा तरी मारली असेल. ती वळली नाही, आणि माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. मला या पोरीकडून एकच हवं होतं, तिनं कधीतरी आपणहून माझ्याकडे बघावं. ते कसं घडवायचं हे शिकवणारी आठवड्यातली अर्ध्या तासाची वेळ होती, ती आम्ही नटूनथटून घालवून बसलो होतो. मला स्वतःचा इतका राग आला की मी भांडी आपटायला लागले.

मॅडमना खरं सांगायचं असं मी ठरवलं, तेव्हा मामा बिथरले. म्हणाले, रिपोर्ट चांगला आलाय, आता काहून उकरून काढायचं? मॅडम चिडल्या, पोरीचं नावच काढून टाकलं, मग? नवरा मान खाली घालून चहा पीत राहिला. मॅडम चिडतील ही भीती मलाही होतीच. फसवलंत म्हणून त्यांनी कायमचा फोन बंद केला असता, तरी मला काही बोलता आलं नसतं.

बुधवार आला. चादर, डबा, फ्रॉक, सगळं जागच्या जागी. मॅडमनी नमस्कार केला आणि लेक नेहमीसारखी छान समोर बघायला लागली.  तोंडानं सांगायला गेले असते तर रडले असते. मी नुसता मोबाईल उचलला आणि उलटा फिरवला.

पलीकडे मामा उभे. इस्त्रीचा शर्ट, वर धरलेला हात, हातात गूळ. साहेबानं नेमकं कुंडीमागं डोकावून बघितलं होतं. हात खाली घ्यावा हेही त्यांना सुचेना.

 मॅडमनी विचारलं, "आजोबा, कधीपासून उभे आहात असे?"

"पयल्या दिवसापासून," मामा म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, पोरीची काई चूक न्हाई. तुमी तिला नापास कराल म्हणून मी लई भ्यालतो."

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी सांगितलं की इथं पास-नापास नसतं, बुधवार चालूच राहील, आणि गूळ मात्र तेवढा आत ठेवून या. आणि ती फिरवते ती झाकणं कुठायत, आणा बरं. मामांनी खिशातून किल्ली काढली. मी लेकीचा टोचरा फ्रॉक उतरवून तिला घरातला घातला. मॅडमनी मामांना तिच्यासमोर फरशीवर बसायला लावलं. तिला काही शिकवू नका, म्हणाल्या, ती फिरवते तसंच तुम्हीही फिरवा, आणि थांबा.

मामांचे गुडघे कुरकुरले. त्यांनी एक झाकण फिरवलं, ते लगेच खणखणून पडलं. दुसरंही पडलं. तिसरं मात्र फिरलं, बराच वेळ फिरलं, मंद होत होत थांबलं. लेक त्या झाकणाकडे बघत होती. मग तिनं मान वर केली आणि मामांच्या डोळ्यांत बघितलं. परत फिरव, असं सांगणारं ते बघणं होतं. पाच वर्षं ज्याची वाट मी बघितली ते मिळालं सासऱ्यांना. मला त्यांचा चक्क हेवा वाटला, आणि तेवढंच रडूही आलं.

या गडबडीत डब्याला परत टेकवलेला मोबाईल घसरून आडवा पडला होता, आणि कॅमेऱ्याला आमचा पंखा दिसत होता. "काय झालं? मला दिसलं नाही," मॅडम पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

साहेबाला काय दिसावं यासाठी जन्म घालवलेल्या आमच्या मामांनी मानसुद्धा वळवली नाही.

"म्याडम, जरा दम धरा," ते म्हणाले, आणि त्यांनी झाकण परत फिरवलं.