निळ्या सारवणाचं घर

ते निळं घर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीतली मोठमोठी प्रकरणं विसरलो, पण हे राहिलं.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. एका बंद रंगखान्याच्या जागेवर विणकरांसाठी घरं बांधायची ठरली होती. तिथली माती वर्षानुवर्षं रंग पिऊन विषारी झालेली. ती उपसून लांबच्या ओसाड खाणीत पुरायची आणि वर चांगली माती टाकायची, यासाठी सरकारने अनुदान दिलं होतं. कागदावर काम चोख झालं होतं.

एके सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच रंगखान्यातला एक म्हातारा कामगार ठाण्यात आला. घरी तेलुगू बोलणारा, पण मराठी पक्की सोलापुरी. "सायेब, मातीचे ट्रक खाणीकडं जातच न्हवते. मंद्रूपच्या रस्त्याला लागायचे," तो म्हणाला आणि सालं निघालेले तळपाय दाखवले. "लई वाईट माती हाय ती."

डायरीत नोंद केली आणि माती उपसणाऱ्या ठेकेदाराच्या मुकादमाला बोलावलं. विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आईशपथ, खाणीतच टाकली!" माझा अनुभव असा, की खरं सांगणाऱ्याला शपथ उशिरा आठवते. दुपारपर्यंत विचारलं, दरडावलं, चहा पाजला. गडी शपथेवरून हलेना. शेवटी त्याला जीपमध्ये घातलं आणि पंचांना घेऊन निघालो.

दसरा जवळ आला होता. वाऱ्यावर ज्वारीची कोवळी पाती हलत होती, ऊन मऊ पडलं होतं. मंद्रूपच्या अलीकडे ओढ्याकाठी एक वस्ती लागली. पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या घरांत एकच घर निळं. भिंती निळ्या, ओटा निळा, आतली जमीनही निळी. जागेपणी स्वप्नात शिरल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला ते फार सुंदर दिसलं.

मुकादम जीपमधून उतरेना. तेवढ्यात घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"दादा, तू व्हय? उतर की!" मग मला कौतुकानं म्हणाली, "सायेब, दसऱ्याच्या सारवणाला दादानंच आनून दिली ही माती. साऱ्या वस्तीत असलं घर न्हाय बगा."

आत तिची वर्षाची मुलगी रांगत होती. तिच्या तळहातांना, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या. "फोड आल्यात," बाई म्हणाली. "खातच न्हाय चार दिस. दात येत असतील."

मुकादम शेवटी उतरून दारात आला होता. मी त्याच्याकडे वळलो. "माती कसली आहे, सांग बहिणीला."

त्यानं पुढं होऊन मुलीला त्या जमिनीवरून उचललं. "मला म्हाईत न्हवतं वो! मालक म्हनला, साधी रंगाची माती हाय. खाण लांब, डिझेल जातंय, म्हनून ओढ्यात वतायला लावली."

जबाब तिथंच पुरा झाला. मुलीला तिच्या आईबरोबर आमच्याच जीपनं सिव्हिल हॉस्पिटलला पाठवलं. मुकादमानं हात जोडले, "अटक करा, पर आधी ही जमीन उकरू द्या." नियमात बसत नव्हतं, तरी उकरू दिली. तो दिवस मावळेपर्यंत खणत होता.

मुलगी वाचली. ठेकेदाराला शिक्षा झाली, मुकादमालाही. ओढ्यातली माती उचलायला मात्र पैसा मिळाला नाही. अनुदान रंगखान्याच्या जागेपुरतं होतं, असं उत्तर आलं. घाण इथून उचलली की साफ झालं म्हणायचं, ती गेली कुठं हे कुणी विचारायचं नाही, ही आपली रीतच आहे. तेव्हापासून कुठलंही काम पुरं झाल्याचा कागद पाहिला की मी आधी जागेवर जाऊ लागलो.

निकालाच्या दिवशी ती बहीण कोर्टाच्या आवारात मला आडवी आली. "सायेब, दादानं जानूनबुजून केलं न्हाय, हे लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय," मी म्हणालो. ते खोटं होतं. जबाबात माती कुणी आणली एवढंच मी लिहिलं होतं. तिचं वाक्य मी आज लिहितो आहे, आणि ते वाचायला ती आहे की नाही, मला ठाऊक नाही.