तिचेच शब्द लिही

माझी मावशी कॉम्प्युटर दुरुस्त करते. जिन्याखालच्या खोलीत तिचं दुकान आहे. एक लांब टेबल, दोन स्टुलं आणि भिंतीवर डब्यांच्या तीन रांगा. डब्यांत जुन्या यंत्रांतून काढलेले स्क्रू, पंखे, वायरी, प्लास्टिकचे पाय. बेचाळीस वर्षांची होईपर्यंत ती घड्याळांच्या कारखान्यात काटे बसवायची. कारखाना बंद पडला तेव्हा तिने भंगारातून एक कॉम्प्युटर आणला, स्वयंपाकाच्या ओट्यावर सगळा सुटा केला आणि परत जोडला. चौथ्या खेपेला तो सुरू झाला. काका अजून म्हणतात, "जगाचे कॉम्प्युटर चालतात, आमचा मिक्सर मात्र सहा महिने बंद. दिव्याखाली अंधार!"

इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन मी तिच्या हाताखाली आले, तेव्हा पहिलं काम मिळालं ते चिठ्ठ्या लिहिण्याचं. आलेल्या प्रत्येक यंत्रावर चिठ्ठी चिकटवायची आणि गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. कुणी बाई आली की मावशी आतून ओरडायची, "तुझी हुशारी नंतर. आधी तिचेच शब्द लिही." मला ती शुद्ध कारकुनी वाटायची.

एके दिवशी ग्रंथालयातल्या ताई आल्या. नऊ वर्षं हंगामी नोकरी केली होती, आता कायम जागेसाठी परीक्षा होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. पेपर घरूनच द्यायचा, कॅमेऱ्यासमोर. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर पेपर तिथेच संपला. आणि त्यांचा कॉम्प्युटर अर्ध्या तासाच्या वर टिकत नव्हता.

"दुकानात आणला की शहाण्या बाळासारखा वागतो," ताई म्हणाल्या. "दोन दुकानं झाली. घरी टेबलाखाली कोपऱ्यात उभा केला, की टाकली मान!"

मावशी बाहेर गेली होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'मेमरी?'

मग यंत्र टेबलावर आडवं घातलं, झाकण काढलं, मेमरीच्या पट्ट्यांचे सोनेरी दात खोडरबराने पुसले आणि तीन तास मेमरीची चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही. मी ऐटीत फोन केला, "ताई, घेऊन जा. झालं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताई ते धूड पोटाशी धरून दारात उभ्या. परीक्षा त्याच दुपारी चारला होती.

"काल संध्याकाळी दोनदा बंद पडला," एवढंच म्हणाल्या. मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मावशीने आधी चिठ्ठी वाचली. "हे ताई बोलल्या?"

"नाही, मला वाटलं की..."

"ताई, तुम्ही सांगा. पहिल्यापासून."

ताईंनी पुन्हा तेच सांगितलं. मावशीने त्यांना मध्येच थांबवलं. "कोपऱ्यात उभा केला की?" मग माझ्याकडे वळली. "आणि तू कसा तपासलास?"

"टेबलावर. आडवा." बोलता बोलताच माझा आवाज खाली गेला. सगळेच तसं करतात. यंत्र आडवं घातलं की उघडायला सोपं, वाकून बघायला सोपं.

"उभं राहिलं की चक्कर येते म्हणणाऱ्याला खाटेवर निजवून तपासलंस, तर तो ठणठणीतच निघणार की गं, इंजिनीअरबाई!"

तिने झाकण लावलं, यंत्र भिंत आणि कपाटाच्या बेचक्यात उभं केलं आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान लावून ठेवलं. पंचावन्न. सत्तर. शहाऐंशी. बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा झाला. मग आडवं घालून चालवलं, तर आकडा पन्नाशीच्या वर जाईना.

मावशीने वीज काढली, झाकण उघडलं आणि चष्मा चक्क कपाळावर सरकवला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा त्याच्यावर चार प्लास्टिकच्या पायांनी घट्ट बसलेला असतो. डोळे मिटून तिने दोन बोटांनी तो अलगद हलवला.

"डुलतोय. बघ."

मला काहीच जाणवलं नाही. तिच्या बोटांना जाणवलं. वरून चारही पाय धड दिसत होते. एक आतून तुटला होता. यंत्र आडवं असलं की ठोकळा आपल्याच वजनाने टेकून राहायचा. उभं केलं की केसभर कलायचा, आणि उष्णतेला वाट उरायची नाही.

तिने डब्यातून तसाच एक पाय शोधून बसवला. ठोकळ्याखालची, उष्णता पुढे पोचवणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावली. साडेबारा वाजले होते. ताई उठल्या.

"बसा," मावशी म्हणाली. "पेपर किती तासांचा?"

"दोन. पण मावशी, मला एकदा उजळणी..."

"मग आधी याचा दोन तासांचा पेपर होऊ दे. तुम्ही इथेच उजळणी करा."

ताई स्टुलावर वही उघडून बसल्या. शेजारी कॉम्प्युटर कोपऱ्यात उभा, आणि मी आकड्यावर डोळे लावून. अडीचपर्यंत आकडा साठीच्या आसपासच राहिला. मग ते धूड मी उचललं, ताईंच्या घरी नेऊन त्यांच्या टेबलाखाली उभं केलं, आणि मावशीने बजावल्याप्रमाणे भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं.

सव्वासहाला फोन आला. मावशीने स्पीकर लावला.

"मावशी, एकदाही नाही पडला! शेवटच्या प्रश्नापर्यंत गेले!"

"आणि पेपर?"

"अवघड होता हो."

"त्याचे सुटे भाग माझ्याकडे नाहीत," मावशी म्हणाली. पलीकडे ताई हसत सुटल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

मी 'मेमरी?'ची चिठ्ठी चुरगाळली आणि मावशीच्या घरून मिक्सर उचलून आणला. काका मागोमाग आले. मी कोरी चिठ्ठी समोर ओढली.

"काका, नक्की काय होतं? तुमच्याच शब्दांत सांगा."

काका खुलले. सहा महिन्यांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. मी एकही शब्द न गाळता लिहून घेतलं: 'आधी माझ्यासारखा घोरतो, मग तुझ्या मावशीसारखा एकदम गप्प होतो.'