धुक्याच्या नावावर

परवा सकाळी आमची एसटी घाटात अचानक थांबली. धुकं इतकं दाट होतं, की काचेपलीकडे रस्ता संपल्यासारखाच वाटत होता. उतरून पाहिलं तर चढावर एक बंद पडलेला ट्रक उभा. मागचे दिवे बंद, मागे झाडाची साधी फांदीसुद्धा टाकलेली नाही. त्याच्यावर एक स्कूटर आदळली होती. ती चालवणाऱ्या शिक्षिका मोडलेला हात पोटाशी धरून रस्त्याकडेला बसल्या होत्या. त्यांना नीट बोलताही येत नव्हतं.

ट्रकवाला मात्र जो येईल त्याला सांगत होता, “धुक्यात दिसलं नाही बाईंना. मी काय करणार?”

माझं डोकंच फिरलं. धुकं, पाऊस, निसरडा रस्ता उलट उत्तर देत नाहीत, म्हणून सगळे गुन्हे त्यांच्याच नावावर घालायचे? एवढं अवजड वाहन हाकणाऱ्याला धुकं आमच्याआधी दिसलं होतं. घाट चढताना ते त्याच्यासोबतच होतं. तरी उतरून एक फांदी तोडण्याचे कष्ट त्याला नको होते.

हवालदार आले. वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, “दाट धुक्यामुळे अपघात...”

आमच्या मागे थांबलेल्या टँकरचा म्हातारा ड्रायव्हर पुढे झाला.

“साहेब, धुक्याकडे लायसन नसतं. ज्याच्याकडे आहे, त्याचं नाव लिहा.”

हवालदारांनी लिहिलेलं खोडलं आणि लायसनसाठी ट्रकवाल्यापुढे हात केला.