दाराबाहेरची खुर्ची

लिमयेकाकांची आणि माझी पहिली भेट दाराबाहेर झाली. जर्मनीतल्या एर्लांगेनमधला आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव, भाड्याचा हॉल, मुलांची श्लोकपाठाची स्पर्धा. परीक्षकांपैकी एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ मध्येच उठले, आपली खुर्ची उचलली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले. मी नवखी होते. त्यांना बरं वाटत नसेल म्हणून पाणी घेऊन मागे गेले.

"मला काय होतंय?" ते म्हणाले. "आत माझी नात म्हणतेय. आपलं माणूस आत असलं, की आपण बाहेर."

दारातून काकू बोलल्या, "आमच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाल्यावर बाहेर जाऊन बसले नाहीत, एवढंच माझं नशीब."

काका एका मोठ्या विजेच्या कंपनीत खरेदी विभागात होते. नाताळात पुरवठादारांकडून टॅक्सीने वाइनची खोकी यायची, ती ते त्याच टॅक्सीने परत पाठवायचे, टॅक्सीचं भाडं स्वतः भरून. काकू म्हणायच्या, "अहो, एक बाटली ठेवली असती तर कंपनी बुडली असती का?" काका म्हणायचे, "कंपनी नसती बुडली. पुढच्या वर्षी त्याचा माल नाकारताना माझा आवाज बसला असता." निवृत्तीनंतर कामगार संघटनेने त्यांना गावातल्या रोजगार कार्यालयाच्या समितीवर पाठवलं. बेरोजगारांचे प्रशिक्षणवर्ग कोणत्या संस्थेला द्यायचे, हे ती समिती सुचवायची आणि कार्यालय बहुधा तसंच करायचं. तिथे एक नियम होता. ज्या संस्थेत आपलं कोणी गुंतलेलं आहे, तिचा विषय निघाला की 'मी बेफांगेन आहे', म्हणजे माझं हित यात गुंतलंय, असं सांगून खोलीबाहेर जायचं. नुसतं मत न देणं पुरेसं नाही, खोलीतच थांबायचं नाही. बाकीचे सभासद हा नियम वाचून सही करत. काका तो जन्मापासून पाळत आले होते.

त्यांची मुलगी मेधा अशीच एक संस्था चालवायची. घर सांभाळण्यात वर्षं गेलेल्या बायकांना ती जर्मन आणि ऑफिसचं काम शिकवायची. मी तिथे शिकवत होते. कार्यालयाचं काम मिळालं तर संस्था, नाहीतर कुलूप, असा सरळ मामला होता. मेधाचा नवरा जर्मन, त्यामुळे तिचं आडनाव बेकर. ती लिमयांची मुलगी आहे, हे समितीत कोणालाही ठाऊक नव्हतं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची ती बैठक. आम्हाला माहिती द्यायला बोलावलं होतं. आम्ही बोललो, बाहेर आलो, कॉरिडॉरमध्ये बसलो. पाठोपाठ दार उघडलं आणि काका बाहेर आले. आमच्या शेजारी, एक खुर्ची सोडून बसले.

मेधाचा चेहरा उतरला. "पपा, तुम्ही बाहेर का आलात? माझं आडनाव बेकर आहे. कोणाला कळणार होतं?"

"आडनाव बदललं म्हणून मुलगी बदलते का?"

"हेच काम मागणाऱ्या त्या दुसऱ्या संस्थेचा मालक समितीतल्या एका सभासदाचा मेहुणा आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे. तो सभासद उठला?"

"मी उठताना विचारलं, आणखी कोणी बेफांगेन आहे का. तो कागद वाचत होता."

"आणि तुम्ही त्याला तसाच सोडून आलात?"

"नाव घेऊन सांगायला माझ्याकडे पुरावा हवा. शिवाय मी ते सांगितलं असतं तर ते कोणासाठी सांगितलं असतं, मेधा?"

मेधा म्हणाली, "आमच्या बायकांना नोकऱ्या लागतात, एवढं तरी सांगितलंत?"

"तेच सांगायची पाळी आली असती, म्हणून तर उठलो."

काम एका मताच्या फरकाने दुसऱ्या संस्थेकडे गेलं. तो मेहुणावाला सभासद शेवटपर्यंत खुर्चीत बसून होता. उन्हाळ्यात संस्थेला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी आमच्या तुर्की विद्यार्थिनींनी चीज घातलेले भाजलेले रोल आणले आणि खाता खाता सगळ्या रडल्या. मी रडले नाही. मला दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात मुलाखतीला जायचं होतं, आणि ती नोकरी मिळाली. मेधा नवऱ्याबरोबर हायडेलबर्गला गेली.

भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. मेधा जर्मनीत जन्मलेली, तरी वडिलांशी कायम स्वच्छ मराठीत बोलायची. काकांना त्याचा फार अभिमान होता. त्या कॉरिडॉरनंतर ती त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलायला लागली. वाढदिवसाला फोन यायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, सगळं जर्मनमध्ये. काका मराठीत विचारायचे, "जेवलीस का?" पलीकडून जर्मनमधला होकार यायचा, "या, पापा." काकांनी मराठी सोडली नाही, तिने जर्मन सोडलं नाही. काकूंशी मात्र ती मराठीतच बोलायची. त्यामुळे फोन ठेवल्यावर काका विचारायचे, "तुला काय म्हणाली?" आणि काकूंनी सांगितलेलं ऐकत बसायचे.

एकदा मी त्यांच्याकडे चहा करत असताना त्यांनी विचारलं, "सुनंदा, माझं चुकलं का गं?"

"नियमाने नाही."

"नियमाचं मला माहीत आहे."

मी खोटा दिलासा देत नाही. "तिला वाटलं, तुम्ही तिला परकं केलंत," मी म्हणाले.

"परकी असती तर आत बसलो असतो," काका म्हणाले. मग म्हणाले, "हे तिला सांगायला हवं होतं. पण फोनवर कसं सांगू? ती तब्येतीचंच विचारते." मी म्हटलं, गाडीत बसा आणि जा. ते म्हणाले, दिवाळीनंतर जातो.

दिवाळीआधीच त्यांना झटका आला. मेधा आली तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. ती पलंगाशी बसून राहिली. कोणत्याही भाषेत बोलली नाही.

अंत्यसंस्काराला, इथल्या रीतीप्रमाणे, दफनभूमीच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही जमलो. समितीतली माणसंही आली होती, मेहुणावालाही, काळा टाय लावून. शवपेटी ठेवली, काकू पहिल्या रांगेत बसल्या. शेजारची खुर्ची रिकामी. मी मेधाला शोधायला उठले.

ती दाराबाहेर भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसली होती. काकांनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं. परकी असतीस तर ते आत बसले असते, एवढंच. मग मी म्हणाले, "मेधा, चल. सुरू होतंय."

तिने मान हलवली आणि कितीतरी वर्षांनी वडिलांच्या भाषेत बोलली.

"नको, ताई. आपलं माणूस आत आहे."

मी दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी बसले, मध्ये खुर्ची न सोडता.