मशीनवाल्या काकींची कैफियत

मशीनवाल्या काकी कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नसत. पोस्टमनला ओट्यावर बसवून मनीऑर्डरचा फॉर्मसुद्धा बोट फिरवत मोठ्याने वाचायच्या. आम्ही शेजारी. मी तेव्हा रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात नुकता कारकून म्हणून लागलो होतो.

बोटीवर कामाला असलेला त्यांचा नवरा वारला आणि काकींनी हप्त्याने शिलाई मशीन घेतली. परकर-पोलक्यांवर घर चालायचं. मधे टायफॉइडने त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा हप्ते थकले. मशीनच्या दुकानदाराने आठ हप्ते आणि व्याजाचा दावा लावला. समन्स आलं. निकाल विरुद्ध गेला असता तर मशीनच गेली असती.

"काकी, वकील करा," मी म्हटलं.

"वकिलाला सांगायचा, मग त्याने साहेबांना सांगायचा. त्यापेक्षा मीच सांगते."

चार दिवस खपून त्यांनी स्वतःच्या अक्षरात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, लिहिली. मुदतीच्या आत आणून दिली. पहिल्या तारखेला त्यांची मागणी एकच होती: "माझे हप्ते ज्या वहीत लिहिले, ती वही दाखवा."

दुकानदाराच्या वकिलांनी वहीचा नुसता उतारा आणला होता. त्यांनी मुदत मागितली, मग पुन्हा मागितली. तिसऱ्या तारखेलाही वही आली नाही. पुरावाच नाही म्हटल्यावर दावा फेटाळला जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"मी काय देनाच लागत नाय, असा नाय साहेब. तीन हप्ते राहिलेत. आठ नाय." आणि भरलेल्या पाच हप्त्यांच्या पावत्या त्यांनी पुढे ठेवल्या.

न्यायाधीशांनी पावत्या तपासल्या. तीन हप्त्यांचा हुकूम झाला, तोही थोडेथोडे फेडण्याच्या सवलतीने. मशीन राहिली.

बाहेर व्हरांड्यात मी जरा चिडूनच म्हटलं, "गप्प राहिला असतात तर सगळंच सुटलं असतं."

"त्यांची वही नाय मिळाली, म्हणून माझा देना फिटला काय?" एवढंच म्हणून त्या घरी गेल्या. शिवणकाम खोळंबलं होतं.

पुढे नोकरीत गप्प राहणं सोयीचं असे प्रसंग मलाही आले. दर वेळी मी बोललो, असं म्हणणार नाही. जेव्हा बोललो नाही, तेव्हा संध्याकाळी काकींच्या दारावरून मान खाली घालून जायचो. त्या मात्र शिवता शिवता नेहमीसारखीच हाक मारायच्या, "चाय घेऊन जा रे."