भुलीच्या मॅडम

भुलीच्या मॅडमना पेशंटला झोपवण्यापेक्षा उठवण्याची घाई जास्त. सकाळी गर्भपिशवी काढलेली बाई संध्याकाळी कॉटवरून पाय सोडून चहा पिताना दिसली, की त्यांचा चेहरा उजळायचा. "सिंधू, चाल, हिले दारापर्यंत नेऊ," असं मला म्हणत त्या स्वतःच तिचा हात धरायच्या.

पांढरकवड्याच्या एका छोट्या दवाखान्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मॅडम मूळच्या ढाणकीकडच्या, राहायला यवतमाळला. आठवड्यातून तीनदा स्वतः गाडी चालवत यायच्या. मोठ्या ऑपरेशनला अफूच्या जातीची दुखणं मारणारी इंजेक्शनं देण्याची रीत जुनी. त्याने दुखणं दबतं, पण पुष्कळ बायका नंतर गुंगीत पडून राहतात, ओकतात. पोटाला ताजे टाके असताना ओकारी येणं काय असतं, ते सोसणारीलाच ठाऊक. मॅडमनी ती इंजेक्शनं वगळायला सुरुवात केली. सोनोग्राफीच्या मशीनवर बघत त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना सुई द्यायच्या, तिथल्या नसा बधिर करायच्या. जोडीला दुसरी दोन-तीन औषधं, थोडी थोडी.

बंजारा तांड्यावरची कमळाबाई ऑपरेशनला तयारच होईना. मागच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात दोन दिवस ओकून ओकून तिचे हाल झाले होते. "मरीन, पण ते भूल नोको जी," ती म्हणाली. मॅडम स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. "याडी, या खेपेले तशी नाही देत. मी इथंच बसते, तू उठेपर्यंत." याडी म्हणजे तिच्या बोलीत आई. कमळाबाईने डोळे पुसले आणि कागदावर अंगठा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी बसून वेणी घालत होती.

सगळ्यांचंच असं व्हायचं नाही. एकदा एका शिक्षिकेचं दुखणं काही केल्या थांबेना. मॅडमनी एक मिनिट न घालवता तेच वगळलेलं इंजेक्शन मागवलं. सर्जन हसले, "हरल्या ना मॅडम?" सुई टोचता टोचता त्या म्हणाल्या, "हट्ट माझा हाये डॉक्टर, दुखणं तिचं हाये."

त्या हिवाळ्यात त्यांचा डबा अर्धा उरायला लागला. "पोट फुगून राह्यलं सिंधू. गॅस हाये, दुसरं काय!" असं म्हणून त्या कामाला लागायच्या. चाळिशी ओलांडलेली कोणतीही बाई हीच तक्रार घेऊन आली, तर मी तिला आधी सोनोग्राफी करायला लावत असे. मॅडमना मात्र मी ओवा दिला. तीन महिने देत राहिले. मशीन आमच्या दोघींच्या मध्येच उभं असायचं.

नागपूरला तपासणी झाली तोवर अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला होता. ऑपरेशन झालं, पण सगळं काढता आलं नाही.

शेवटची भेटले ती यवतमाळला, त्यांच्या घरी. मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या. माझ्यासमोरच त्यांनी मॉर्फिनची गोळी घेतली, त्याच अफूच्या जातीची. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अशी काय पाह्यतं? टाक्याचं दुखणं दोन दिसाचं असते. हे जाणारं नाही. याले हेच औषध पाह्यजे."

मला राहवलं नाही. "मॅडम, मी तेव्हाच तुम्हाले मशीनपाशी झोपवाले पाह्यजे होतं. रोज पाहून राह्यलती मी."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात गार पडला होता. "मी आयकलंच नसतं तुयं," त्या म्हणाल्या. "उगाच मनाले लावून नको घेऊ."

बारा दिवसांनी त्या गेल्या.

माझं ओझं उतरावं म्हणून त्या तसं बोलल्या, हे मला त्याच वेळी कळलं होतं. आठ वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. इतक्या वर्षांत मी काही सांगितलं आणि मॅडमनी ऐकलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.